दुसरं मत

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आमच्या आजोबांच्या हातात मतदान केंद्रावर दोन कागद पडले होते, ही गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत. मुंबई शहर उत्तर हा तेव्हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, म्हणून मतदार एक आणि मतं दोन. दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह. “एक टाकला बैलजोडीच्या पेटीत,” आजोबा म्हणत, “अख्खी चाळ टाकत होती म्हणून. दुसरा टाकला हत्तीच्या पेटीत. तो माझा होता.” बैलजोडी म्हणजे काँग्रेस. हत्ती म्हणजे शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, म्हणजे डॉ. आंबेडकर. ते साडेचौदा हजार मतांनी पडले. त्या निवडणुकीत कुणी कुणाची मतं ‘कुजवली’ यावरून आजोबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं पुढची तीस वर्षं जमलं नाही. हातात दोन मतं असताना एकच वापरायचं आणि दुसरं वाया घालवायचं, म्हणजे आपल्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्याला चुकूनही मदत व्हायला नको, याला मत कुजवणं म्हणतात. शब्द किती नेमका आहे! धान्य कुजवावं तसं मत.

१९६१ साली कायद्यानं हे दोन सदस्यांचे मतदारसंघ बंद झाले आणि आमच्या घरातला वाद उरला. तो मला पुन्हा आठवला तो थेट वेल्समध्ये, कार्डिफहून उत्तरेला जाणाऱ्या गाडीत.

माझी धाकटी बहीण डॉक्टर आहे. गेली काही वर्षं ती दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांमधल्या एका रुग्णालयात काम करते आणि अॅबरडेर नावाच्या गावी राहते. कोळशाच्या खाणींच्या या खोऱ्यांत भारतीय डॉक्टर ही काही नवलाईची गोष्ट नाही, दोन पिढ्या त्यांनी तिथले खोकले ऐकलेत. कार्डिफहून निघालेला रूळ पाँटिप्रिडवरून वर चढतो आणि अॅबरकनन नावाच्या स्टेशनापाशी त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा कनन नदीच्या काठानं अॅबरडेरला जातो, उजवीकडचा टॅफच्या काठानं मर्थर टिडव्हिलला. (लिहितात एफ, म्हणतात व्ह. वेल्श भाषेत असे सापळे पावलोपावली आहेत.) पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चुकून मर्थरच्या गाडीत बसलो. म्हटलं, आलोच आहोत तर पाहून घेऊ. ज्या मतदारसंघाची ही गोष्ट आहे, तो या दोन फाट्यांचाच होता: मर्थर आणि अॅबरडेर, मधे डोंगर, नाव मर्थर टिडव्हिल, खासदार दोन. १९१८ साली तो नकाशावरून गेला.

मर्थर एकेकाळी वेल्समधलं सगळ्यात मोठं शहर होतं, हे आज तिथं उतरल्यावर पटत नाही. १८०१ साली साडेसात-आठ हजार वस्ती, १८५१ साली ४६,३७८. डाउलाइस, कवार्थवा, पेनिडॅरन, प्लिमथ हे चार लोखंडाचे कारखाने, आणि त्यांच्या भोवती जमेल तशी उगवलेली वस्ती. १८०४च्या फेब्रुवारीत रिचर्ड ट्रेविथिकच्या वाफेच्या इंजिनानं पेनिडॅरनहून दहा टन लोखंड ओढत खाली आणलं ते याच अॅबरकननपर्यंत. रुळांवरून वाफेच्या बळावर ओझं ओढलं गेल्याची ती पहिली फेरी. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्याच्या एकोणपन्नास वर्षं आधी.

एवढ्या मोठ्या गावाला खासदार मात्र नव्हता. १८३१च्या जून महिन्यात मजुरी कापली गेली होती, आणि उधारीच्या वसुलीसाठी असलेल्या कोर्टाचे बेलिफ घराघरांतून खाटा-पेट्या उचलून नेत होते. लोक उठले, जप्त झालेल्या वस्तू घरोघर जाऊन परत केल्या, कोर्टाचे कागद जाळले. एका खानावळीसमोर सैनिकांनी गोळीबार केला आणि किमान सोळा माणसं मेली. एका सैनिकाला भोसकल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुइस, लोकांच्या तोंडी डिक पेंडेरिन, या तेवीस वर्षांच्या खाणकामगाराला १३ ऑगस्ट १८३१ रोजी कार्डिफला फाशी दिलं. ते त्यानं केलं असं तिथं आजही कुणी मानत नाही. हे देवा, केवढा हा अन्याय, असं तो वेल्शमध्ये म्हणाला, अशी आठवण सांगतात. जिथं फास होता तिथं आज कार्डिफचं जुनं मार्केट आहे. माझी बहीण तिथूनच मासे आणते.

पुढच्याच वर्षी, १८३२च्या सुधारणा कायद्यात, मर्थरला स्वतःची जागा मिळाली. हजारोंच्या वस्तीत मतदार होते ५०२. निवडून कोण आलं असेल? डाउलाइसच्या कारखान्याचे मालक, जोसाया जॉन गेस्ट. ते १८५२ साली वारले तोवर खासदार होते. त्यांच्या पत्नी लेडी शार्लट गेस्ट अधिक रंजक बाई. इंग्रज घरातली ही मुलगी लग्नानंतर वेल्श शिकली, मध्ययुगीन वेल्श कथा इंग्रजीत आणल्या, आणि नवऱ्यामागे कारखानाही सांभाळला. मतदानाचा हक्क अर्थातच त्यांना नव्हता.

मग आला १८६७चा कायदा आणि मतदारांची संख्या १,३८७वरून एकदम १४,५७७ झाली. दसपटीहून जास्त! खाणीतला, भट्टीवरचा माणूस मतदार झाला, आणि त्याच कायद्यानं मर्थरला दुसरी जागा दिली. म्हणजे ज्याला कालपर्यंत एकही मत नव्हतं त्याच्या पदरात आज दोन.

ही दोन मतं त्यांनी कशी वापरली ते पाहण्यासारखं आहे. १८६८ साली तिघे उभे होते. जुने खासदार एच. ए. ब्रूस, लिबरल पक्षाचं मोठं नाव. रिचर्ड फॉदरगिल, अॅबरडेरचे लोखंडवाले. आणि हेन्री रिचर्ड, चॅपलमधून, म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनामंदिरांतून आलेले, पीस सोसायटी या शांततावादी संस्थेचे चिटणीस, कुठल्याही युद्धाला विरोध करणारे. आम्ही ही भाषा बोलतो, आम्ही या चॅपलांत जातो, तेव्हा वेल्श लोक म्हणजे आम्ही, मूठभर जमीनदार नव्हेत, अशा अर्थाचं त्यांचं भाषण वेल्सच्या इतिहासात अजून उद्धृत होतं. रिचर्डना ११,६८३ मतं पडली, फॉदरगिलना ७,४३९ आणि ब्रूस ५,७७६ वर पडले. हे मतदान उघड होतं. गुप्त मतदानाचा कायदा १८७२चा. त्या निवडणुकीनंतर वेल्सच्या ग्रामीण भागात, मालकाच्या मनाविरुद्ध मत दिलं म्हणून कुळांना घराबाहेर काढलं गेलं, आणि तो प्रश्न संसदेत मांडला तो रिचर्ड यांनीच. ब्रूस यांना दुसरीकडून जागा मिळाली आणि ते गृहमंत्री झाले. मोठ्या माणसांचं असं अडत नाही.

पण मला यातलं दुसरं नाव टोचतं. पहिलं मत शांततेच्या उपदेशकाला आणि दुसरं कारखानदाराला? १८७४ साली खाणकामगारांच्या संघटनेचे टॉमस हॅलिडे स्वतः उभे राहिले, तर ४,९१२ मतं घेऊन तिसरे. पुन्हा रिचर्ड आणि फॉदरगिलच आले. मर्थरचा माणूस आपली दोन मतं अशी वाटत होता: एक मनाला पटतं त्याला, एक पोटाला लागतं त्याला. आजोबांची बैलजोडी मला इथं दिसायला लागली.

आता १९००. पुढच्या सगळ्याची चावी याच वर्षात आहे, म्हणून जरा थांबतो.

तेव्हाचे दोन्ही खासदार लिबरल आणि दोघांचं एकमेकांशी वाकडं. डी. ए. थॉमस हे कोळशाच्या खाणींचे मालक, हुशार, हट्टी, पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे अन्नमंत्री होऊन रेशनिंग आणणारे. प्रिचर्ड मॉर्गन हे वकील आणि सोन्याच्या खाणीवाले. वेल्समध्ये खरंच थोडं सोनं सापडतं आणि त्यांच्या खाणीत ते होतं. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध चालू होतं, देशप्रेमाचा ताप चढलेला होता. अशात तिसरा उमेदवार आला कीर हार्डी.

हार्डी स्कॉटलंडचे. जन्म १५ ऑगस्ट १८५६, तारीख आपल्या लक्षात राहावी अशी. आई मोलकरीण. दहाव्या वर्षी खाणीत, वाऱ्यासाठी असलेला लाकडी दरवाजा गाड्या आल्या की उघडायचा आणि मिटायचा, दिवसभर अंधारात एकट्यानं, एवढंच काम. शिक्षण स्वतःचं स्वतः. १८९२ साली लंडनच्या वेस्ट हॅममधून निवडून आले आणि लांब कोट आणि उंच टोप्यांच्या संसदेत साध्या कापडाचे कपडे आणि साधी टोपी घालून गेले, म्हणून गहजब झाला. १८९५ साली पडले. दरम्यान १८९८ साली दक्षिण वेल्सच्या खाणमालकांनी सहा महिने टाळेबंदी केली. त्या उपाशी उन्हाळ्यात हार्डी या खोऱ्यांतून फिरले, बोलले, लिहीत राहिले. लोकांनी ते लक्षात ठेवलं होतं.

तरी मर्थर त्यांची पहिली पसंती नव्हती. ते एकाच वेळी इंग्लंडमधल्या प्रेस्टनलाही उभे होते आणि प्रचार तिथं करत होते. तिथं पडले. मग धावतपळत मर्थरला आले तेव्हा मतदान तोंडावर होतं. जागेपणीचे जेमतेम अकरा तास त्यांना प्रचाराला मिळाले असं सांगतात. खासदाराला तेव्हा पगारही नव्हता, तो १९११ साली सुरू झाला. निकाल असा लागला: थॉमस ८,५९८, हार्डी ५,७४५, मॉर्गन ४,००४. युद्धज्वराच्या त्या निवडणुकीत, युद्धाला उघड विरोध करणारा माणूस जिंकला. वेल्समधून निवडून आलेला स्वतंत्र मजूर प्रतिनिधी असा पहिलाच. मर्थरनं पूर्वी हेन्री रिचर्डना निवडलं होतं, युद्धविरोध तिथं कुणाला नवीन नव्हता.

पण त्या ५,७४५च्या पोटात जा. ज्यांनी फक्त हार्डींना मत दिलं आणि दुसरं कुजवलं असे मतदार ८६७. ज्यांनी एक मत हार्डींना आणि दुसरं मॉर्गनना दिलं असे ४४१. बाकीचे ४,४३७ जण असे, की ज्यांनी एक मत दिलं खाणमालक थॉमसना आणि एक हार्डींना. थॉमस यांना मॉर्गन नकोसे झाले होते आणि त्यांनी हार्डींकडे डोळेझाक केली हे खरंच. पण मी ते ४,४३७ आकडे माणसं म्हणून डोळ्यांपुढे आणतो. त्यातले कितीतरी थॉमससारख्यांच्याच खाणीत उतरत असणार. एक मत मालकाला दिलं, कारण तो लिबरल, चॅपलचा पक्ष, बाप-आजांची सवय, आणि शेवटी भाकरी तिथली. दुसरं दिलं ते कुणाचं देणं नव्हतं. ब्रिटिश मजूर पक्षाचा पहिला नेता संसदेत परतला तो या उरलेल्या मतावर. हार्डी मर्थरला पुढे तीनदा निवडून आले आणि दर वेळी दुसऱ्या क्रमांकावरच. १९०६ साली थॉमस १३,९७१, हार्डी १०,१८७. १९१०च्या जानेवारीत लिबरल एडगर जोन्स १५,४४८, हार्डी १३,८४१. डिसेंबरात पुन्हा तेच दोघे, त्याच क्रमानं.

हे दुसरं मत पुण्यापर्यंत आलं होतं, आणि माझा खरा धागा तोच आहे. कीर हार्डी हे नाव मी शाळेत असताना टिळकांच्या संदर्भात वाचलं होतं, सध्याच्या पोरांना ते २०२४ साली ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या कीर स्टार्मर यांच्या पहिल्या नावामुळे ओळखीचं वाटेल. प्रकृतीसाठी म्हणून हार्डी १९०७ साली जगाच्या सफरीला निघाले आणि हिंदुस्थानात आले. वंगभंगाची चळवळ पेटलेली असताना ते पूर्व बंगालात फिरले, लोकांच्या घरी गेले, कॅनडाला जसं स्वराज्य आहे तसं हिंदुस्थानला का नको, असं बोलले. तारांमधून त्याचं तिखटमीठ लंडनला पोचलं आणि तिथल्या पत्रांनी त्यांना राजद्रोही ठरवून टाकलं, व्यंगचित्रं काढली. पुण्यात त्यांची टिळकांशी भेट झाली. सुरत काँग्रेस फुटायला तेव्हा काही आठवडेच उरले होते. दहाव्या वर्षी खाणीत गेलेला स्कॉटिश माणूस आणि गणित-संस्कृतात रमणारा चित्पावन ब्राह्मण, दोघांचं काय जमलं असेल असं वाटतं. पण सरकारी छळ ही बऱ्यापैकी चांगली दुभाषी असते.

पुढच्या वर्षी जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबानं सहा दिवस संप केला. गिरणगावात तो हिशेब अजून सांगितला जातो. हार्डींनी परत जाऊन हिंदुस्थानवर पुस्तक लिहिलं, संसदेत आपलं बोलणं चालूच ठेवलं. ‘हिंदुस्थानचा खासदार’ अशी हेटाळणी होऊ शकेल अशा माणसाचं मर्थरनं काय केलं? जानेवारी १९१०ला आधीपेक्षा साडेतीन हजारांहून जास्त मतं दिली. मला हे फार वाटतं. ज्या माणसानं आयुष्यात कार्डिफ ओलांडलं नसेल, त्याचं दुसरं मत पूर्व बंगालातल्या बारिसालच्या आणि पुण्याच्या बाजूनं मोजलं गेलं, त्याला ठाऊक असो-नसो.

१९१४ साली दोघांच्याही आयुष्यानं वळण घेतलं. जूनमध्ये टिळक मंडालेहून सुटून पुण्यात आले. ६ ऑगस्टला, युद्ध जाहीर होऊन दोन दिवस झाले असताना, हार्डी अॅबरडेरला युद्धाविरुद्ध सभा घ्यायला उभे राहिले. त्यांच्याच मतदारसंघात, त्यांच्याच माणसांसमोर. सभा उधळली. आरडाओरडा, देशभक्तीची गाणी, आणि त्यात पुढे होते चार्ल्स स्टँटन, खाणकामगारांचेच पुढारी, कालपर्यंतचे कडवे समाजवादी. हार्डींना बोलता आलं नाही. पकडला जायच्या आदल्या घटकेला येशूला गेथसेमनीच्या बागेत काय वाटलं असेल ते मला आता कळलं, असं नंतर ते म्हणाले. त्याच महिन्यात टिळक मात्र पुण्यातून सरकारला युद्धात साथ द्यायचं जाहीर करत होते. त्यामागचं त्यांचं राजकारण वेगळं होतं, पण दोघांना एका ओळीत बसवून आरती ओवाळायची माझी इच्छा तिथं अडखळते, आणि अडखळलेली बरी.

हार्डी २६ सप्टेंबर १९१५ रोजी गेले. नोव्हेंबरात पोटनिवडणूक लागली. मजूर पक्षाचे अधिकृत उमेदवार होते खाणकामगारांचे नेते जेम्स विन्स्टोन. विरोधात अपक्ष उभे राहिले तेच स्टँटन, युद्धाच्या बाजूनं. आता बघा, रिकामी जागा एकच. म्हणजे १८६८पासून सार्वत्रिक निवडणुकीत जो मतदार दोन मतं घेऊन जायचा त्याच्या हातात यावेळी एकच मत. देश आणि मन यांत वाटणी करायची सोयच नाही. स्टँटन १०,२८६, विन्स्टोन ६,०८०.

इतिहासकार याची कारणं युद्धात शोधतात आणि ती आहेतच. घराघरांतली पोरं खंदकात होती. पण आजोबांचा नातू म्हणून मला वाटतं, मर्थर-अॅबरडेरची माणसं त्या दिवशी बदलली नव्हती. त्यांचं पहिलं मत नेहमीच असं होतं: चाळ टाकते तिथं टाकायचं. फक्त त्या दिवशी दुसरा कागद मिळाला नाही.

१९१८च्या कायद्यानं मतदारसंघाचे दोन तुकडे केले, मर्थर वेगळा, अॅबरडेर वेगळा, एकेक खासदार. डिसेंबरच्या निवडणुकीत अॅबरडेरनं स्टँटनना प्रचंड बहुमतानं पाठवलं. त्यांच्या विरुद्ध एक शांततावादी कवी-पाद्री उभा होता. १९२२ साली दोन्ही जागा मजूर पक्षाकडे गेल्या आणि मग तिथल्या निवडणुकांत सांगण्यासारखं फारसं उरलं नाही. अपवाद एस. ओ. डेव्हिस यांचा. १९३४पासून मर्थरचे खासदार, पक्षाशी सतत भांडणारे. १९७० साली ऐंशी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याला पक्षानं तिकीट नाकारलं, तर ते अपक्ष उभे राहून ७,४६७ मतांनी निवडून आले. आणि मर्थरजवळचं खाणीचं गाव, अॅबरव्हॅन. २१ ऑक्टोबर १९६६च्या सकाळी खाणीच्या मातीचा डोंगर शाळेवर कोसळला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. हा ढिगारा घसरेल अशी शंका मला होती, पण बोललो असतो तर खाणच बंद केली असती, असं डेव्हिस यांनी चौकशीत सांगितलं. मर्थरच्या फाट्यावर मर्थर व्हेल हे स्टेशन लागतं, तिथून नदीपलीकडे डोंगराच्या उतारावर त्या मुलांच्या कबरींवरच्या पांढऱ्या कमानींची रांग दिसते. गाडी तिथं अर्धा मिनिट थांबते. डब्यात कुणी काही बोललं नाही.

२०२४ साली वेल्सच्या जागा ४०वरून ३२ झाल्या आणि नकाशा पुन्हा आखला गेला. त्यात मर्थर आणि अॅबरडेर एकशे सहा वर्षांनी परत एका मतदारसंघात आले. आता खासदार एकच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. त्यामुळे भारताचा पासपोर्ट असलेली माझी बहीण त्या जुलैत रुग्णालयातली रात्रपाळी संपवून, ओळखपत्र घेऊन, हार्डींना जिथं बोलू दिलं नव्हतं त्या गावात मतदानाला गेली होती. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं फुली मारायची असते, ते तिला फार विनोदी वाटलं.

मी चुकीच्या गाडीतून संध्याकाळी उशिरा तिच्या घरी पोचलो तेव्हा तिनं पोहे केले होते. मी आजोबांचे दोन कागद काढले, हार्डींचे ४,४३७ काढले. ती जेवता जेवता ऐकत होती.

“मग तू कुणाला दिलंस?” मी विचारलं.

“ते कशाला सांगू?”

“बरं, दुसरं असतं तर?”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस लागला होता, समोरच्या डोंगरावरचे दिवे पुसट झाले होते. डोंगरापलीकडे मर्थर.

“ते असतं तर,” ती म्हणाली, आणि कपबश्या उचलून आत गेली.